स्वातंत्र्याचा सापळा नेमका लावतो कोण?

फिरत फिरत काम करण्याबद्दलच्या लेखनात समुद्र, लॅपटॉप आणि शहाळं हे त्रिकूट ठरलेलं असतं. भर उन्हात स्क्रीनवर काहीच दिसत नाही, हे मात्र कुणी लिहीत नाही. म्हणून मानववंशशास्त्रज्ञ डेव्ह कुकचा २०२०चा ‘द फ्रीडम ट्रॅप’ हा निबंध मला आवडला. थोडा खटकलासुद्धा.

‘डिजिटल नोमॅड’ हे नाव त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांच्या १९९७च्या पुस्तकातून गाजलं. तंत्रज्ञान माणसाला जागेपासून सोडवेल, असं त्यांचं भाकीत. ते खरं ठरलं. पण जागेपासून सुटलेला माणूस कामापासून सुटतोच असं नाही. कुक अशा भटक्यांशी काही वर्षं बोलत राहिला. सुरुवातीला नऊ-ते-पाचला नावं ठेवणारी ही मंडळी पुढे स्वतःहून को-वर्किंगमध्ये टेबल घेतात, वेळा आखतात. म्हणजे ऑफिस सोडलं आणि स्वतःच स्वतःचे साहेब झाले! काम आणि मोकळा वेळ यांच्यातली भिंत यांना रोज नव्याने बांधावी लागते. त्या बांधकामाचेही कष्ट असतात, हे कुकने नेमकं पकडलंय.

ही भिंत का लागते, ते झबीने झोननटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांच्या २००७च्या कामातून कळतं. थकवा भरून निघायला चार गोष्टी मदत करतात: काम डोक्यातून उतरणं, शरीर-मन सैलावणं, नवं काही जमणं आणि मोकळा वेळ आपल्या हातात असणं. प्रवासात तिसरी भरपूर मिळते. पण लॅपटॉप त्याच पलंगावर असेल तर पहिलीच गळते. बरं, खऱ्या सुट्टीचा फायदासुद्धा कामावर परतल्यावर दोन ते चार आठवड्यांत विरतो, असं जेसिका डी ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००९ साली आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन दाखवलं. मग ‘वर्केशन’कडून तुम्ही किती अपेक्षा ठेवणार?

आता खटकलं ते. कुकचा सगळा झोत माणसाच्या स्वयंशिस्तीवर आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११मध्ये बर्नआउटची व्याख्या केलीय ती कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आलेल्या दीर्घ ताणाशी जोडून. तिथे तो आजार म्हणूनही नोंदलेला नाही. समजा, तुम्ही गोव्यातून न्यूयॉर्कच्या टीमबरोबर काम करताय. त्यांच्या सकाळी दहाच्या मीटिंगला तुमच्याकडे उन्हाळ्यात साडेसात, हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात, रात्रीचे! इथे तुमची शिस्त काय करणार? मीटिंग पुण्यातूनही तेव्हाच असते. भारतभर घड्याळ एकच, त्यामुळे आपल्याला देशात जेटलॅग नाही. पण साहेबाच्या घड्याळाचा जेटलॅग कुठेही गाठतोच. ज्याला वेळ स्वतः ठरवता येते आणि ज्याला येत नाही, या दोघांना एकाच ‘भटक्या’ शब्दात कोंबलं की सल्लेही चुकतात.

आम्हा पीएचडीवाल्यांचं आणखी वेगळं. पेशी प्रयोगशाळेत राहतात, डेटा मात्र बॅगेत येतो. आणि त्याला ‘आज संपलं’ असा क्षणच नसतो.

त्यामुळे दर तीन दिवसांनी गाव बदलण्यापेक्षा एका जागी महिनाभर टिका: निदान वायफाय, जेवण, झोपेची जागा रोज शोधावी लागणार नाही. आणि तिकीट काढण्याआधी मॅनेजरला किंवा गाइडला विचारा, किती वाजल्यानंतरच्या मेसेजला दुसऱ्या दिवशी उत्तर दिलेलं चालेल? उत्तर लेखी घ्या. ‘बघू तसं’ असं आलं, तर लॅपटॉप घरी ठेवून चार दिवस रजाच टाका.