संगणक कॅबिनेटचे मूल्यमापन : रचना, शीतकरण आणि किंमत
(होटगी परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
संगणकाच्या पेटीला बोलभाषेत 'सीपीयू' म्हटले जाते. वास्तविक सीपीयू ही मदरबोर्डवर बसणारी, तळहाताहूनही लहान अशी चिप असते. पेटी हे केवळ तिचे घर होय. नावच उसने असल्यामुळे या घराचा स्वतंत्र विचार सहसा होत नाही. दरपत्रकात प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांचा तपशील ओळीओळीने येतो; कॅबिनेटच्या वाट्याला मात्र 'एटीएक्स कॅबिनेट, एसएमपीएससह' एवढेच शब्द येतात. दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगीसारख्या उष्ण, कोरड्या व धुळीच्या परिसरात ही उपेक्षा महाग पडते. म्हणून रचना, शीतकरण आणि किंमत या तीन निकषांवर कॅबिनेटची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रचनेची वाटचाल :
१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये संपूर्ण पेटी थंड ठेवण्याचे काम वीजपुरवठा विभागातील एकच पंखा करीत असे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही मांडणी आणली व आजची बहुसंख्य कॅबिनेट तिच्यावरच उभी आहेत. पेंटियम ४ च्या काळात प्रोसेसरची उष्णता शंभर वॅटच्या पुढे गेली, तेव्हा कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर प्रोसेसरसमोर हवेची नळी बसविण्याची शिफारस इंटेलने केली. त्या शिफारशीतील कसोटी बोलकी आहे : खोलीचे तापमान ३५ अंश सेल्सिअस असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोहोचणारी हवा ३८ अंशांहून अधिक उष्ण नसावी.

येथेच स्थानिक प्रश्न उभा राहतो. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते. वातानुकूलन नसलेल्या, पत्र्याच्या छताखालील खोलीत दुपारी ३५ अंशांची ही अटच मोडते. म्हणजे ज्या गृहीतकावर कॅबिनेट 'योग्य' ठरते, ते गृहीतक होटगीत उन्हाळ्यात टिकत नाही.

शीतकरणाचा हिशेब :
कॅबिनेट स्वतः थंडावा निर्माण करीत नाही; ते फक्त आतील उष्ण हवा बाहेर जाऊ देते. त्यामुळे आतील तापमान खोलीच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाही. संगणक १५० वॅट उष्णता निर्माण करीत असेल आणि पेटीतून दर सेकंदाला १५ लिटर हवा वाहत असेल, तर बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा सुमारे ९ अंशांनी अधिक तापते. प्रवाह निम्म्यावर आला की हा फरक १८ अंशांवर जातो. खोली २८ अंशांवर असेल तर ४६ अंशांची हवा यंत्र सहन करते. खोली ४२ अंशांवर असेल तर तीच हवा ६० अंशांची होते. दोष तोच, परंतु परिणाम वेगळा.

या दृष्टीने पुढील बाजू काचेने वा सपाट पत्र्याने बंद केलेल्या कॅबिनेटकडे पाहिले पाहिजे. रंगीत दिव्यांचे पंखे काचेमागे शोभतात, पण त्यांना हवा अरुंद फटीतून ओढावी लागते. एनझेडएक्सटी कंपनीचे २०१९ चे एच५१० हे कॅबिनेट दिसायला नेटके होते, परंतु त्याची पुढील बाजू बंद होती. त्याच कंपनीने २०२२ मध्ये आणलेल्या एच५ फ्लोमध्ये पुढे जाळी दिली. निर्मात्यानेच केलेला हा बदल जाळीच्या बाजूने पुरेसा बोलतो.

धुळीचा प्रश्न :
बंद पेटीच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो, तो म्हणजे जाळीतून धूळ अधिक येते. हा आक्षेप निराधार नाही. गाळणी नसलेली जाळी होटगीत काही महिन्यांतच प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा थर जमवील. तथापि त्यावरचा उपाय पेटी बंद करणे हा नव्हे. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा किंचित वरचढ ठेवल्यास पेटीतील दाब वाढतो व हवा फटींतून न शिरता गाळणीतूनच येते. गाळणी मात्र स्क्रू न काढता हाताने निघणारी व पाण्याने धुता येणारी हवी. एसएमपीएस तळाशी असेल, तर त्याखालीही गाळणी आवश्यक आहे आणि पेटी जमिनीपासून उंच ठेवणे इष्ट आहे. संगणक-टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेले उत्तम कॅबिनेटही निरुपयोगी ठरते, कारण ते स्वतःचीच उष्ण हवा पुन्हा आत घेते.

किंमत आणि मूल्य :
किंमत एकदाच मोजली जाते. मूल्य मात्र वापराच्या वर्षांवर ठरते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियांत्रिकीतील ठोकताळा आहे. म्हणजे एका पंख्याची बचत मदरबोर्ड व एसएमपीएस यांच्या आयुष्यातून वसूल होते. उलट टोकही टाळले पाहिजे. कोअर आय३-१२१०० सारख्या ६० वॅट मूळ क्षमतेच्या प्रोसेसरसाठी सहा पंखे व काचेच्या भिंती हा निव्वळ अपव्यय होय. प्रयोगशाळेतील सर्वसाधारण संगणकाला पुढे एक व मागे एक असे १२० मिमीचे दोन पंखे, जाळीदार दर्शनी बाजू आणि न थरथरणारा पत्रा पुरेसा आहे. कॅबिनेटसोबत येणाऱ्या एसएमपीएसच्या लेबलावरील वॅटचा आकडा मात्र स्वतंत्रपणे तपासला पाहिजे.

समारोप :
कॅबिनेटचे सौंदर्य दुकानात कळते, गुण मे महिन्यात कळतो. थंड प्रदेशांसाठी लिहिलेली परीक्षणे येथे जशीच्या तशी लागू करता येत नाहीत. खरेदी समितीने दरपत्रकात हवेचा मार्ग, पंख्यांचा आकार व संख्या आणि निघणारी गाळणी या तीन ओळी वाढविल्या, तर सर्वांत कमी दराच्या निविदेतूनही योग्य पेटी निवडता येईल. उन्हाळी परीक्षांच्या काळात प्रयोगशाळेतील यंत्रे चालू राहणे हे अखेर याच तीन ओळींवर अवलंबून आहे.