सरासरी चाळीस एकर : एक आक्षेप

डॉ. हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी यांनीं १९१७ सालीं दख्खनमधील एका खेड्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर येथील सरासरी खातें १७७१ सालीं ४० एकर, १८१८ सालीं साडेसतरा व १९१४-१५ सालीं अवघें ७ एकर भरल्याचें दाखविलें आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास संख्यांचा विचार शिकविण्यास हे आकडे फार उपयोगी आहेत. मात्र ते ज्या रीतीनें पाठ केले जातात, ती रीत आम्हांस मान्य नाहीं.

पहिली शंका ‘खातें’ या शब्दाचीच. सरासरी म्हणजे भागाकार. तेव्हां भाजक कशाचा धरला हें आधीं विचारलें पाहिजे. पेशवाईंतील कागदांत ज्याचें नांव लागे, तो पुष्कळदां एकत्र कुटुंबाचा वडील असे. त्याच्यामागें भाऊ-पुतणे किती, हें त्या ओळीवरून कळत नाहीं. इंग्रजी मोजणींतला खातेदार निराळा. तेव्हां ४० व ७ यांमधील अंतराचा कांहीं भाग जमिनीच्या वांटणीचा आणि कांहीं भाग नांवें लिहिण्याच्या पद्धतीचा असूं शकेल. याचा निवाडा मोडी वाचणारानेंच करावयाचा. नुसत्या गणितानें तो होणार नाहीं.

ग्रंथाचें खरें मोल दुसरीकडे आहे. १५६ खात्यांचे ७२९ तुकडे मोजून त्यांपैकीं ४६३ एकराहून लहान असल्याचें ग्रंथकारांनीं नमूद केलें आहे. हें सात एकरांच्या सरासरींत कोठेंच दिसत नाहीं.

हीच सरासरी अर्जुनी-मोरगांवकडे नेली तर घोटाळा वाढेल. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यांत असलेला हा मुलूख रयतवारीचा नव्हे, मालगुजारीचा. ती पद्धत १९५१ सालीं संपली. गांवच्या गांव मालगुजाराच्या नांवें लागलेला. नुसतीं मालकांचीं नांवें मोजलीं, तर खातें शेंकडों एकरांचें दिसेल आणि धानाची बांधी कसणारें कूळ हिशेबांतून नाहींसें होईल.

नवेगांव बांधासारख्या कोहळ्यांच्या तलावांविषयीं कागद जमवितांनाही असाच धोका आहे. पाण्याच्या तंट्याचा कागद घराणें जपून ठेवतें. बिनतक्रार वाहिलेल्या पाण्याचा कागद बहुधा होतच नाहीं. समजा, एका बाडांतील दहांपैकीं आठ कागद तंट्यांचे निघाले. तेवढ्यावरून गांव भांडखोर ठरत नाहीं. विद्यार्थी येथें फसतो, आणि (संग्राहकांनीं राग मानूं नये) त्यास फसविण्यांत आपलाही हात असतो. रुमाल सोडतांना आपण चांगले कागद निवडून घेतों व बाकीचे परत बांधतों. बाड कोणत्या घरीं मिळालें आणि किती फर्दा निरुपयोगी म्हणून वगळल्या, एवढें तरी यादीच्या पहिल्या पानावर लिहीत जावें.