मरणभय आणि लोकलढ्यातील सहभाग : दोन मराठी रचनांच्या संदर्भात

लढ्याच्या कवितेवर लिहिताना 'मृत्युंजय वृत्ती' हा शब्द मराठी समीक्षेत फार सहजपणे वापरला जातो. या शब्दामुळे एक प्रश्न मात्र झाकला जातो. मरणाचे भय असलेला माणूस मोर्चात का उतरतो, हा तो प्रश्न होय.

कुसुमाग्रजांच्या 'विशाखा' (१९४२) मधील 'क्रांतीचा जयजयकार' ही कविता या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिचा नायक बंदिवान आहे आणि त्याचे मरण ठरलेले आहे. तो रडणाऱ्या आईची समजूत घालतो, आपल्या सरणाच्या ज्वाळांतून उद्याचे पुढारी उठतील असे सांगतो. माणूस स्वतःहून मोठ्या व टिकणाऱ्या अशा अर्थाशी स्वतःला जोडून मृत्यूच्या जाणिवेवर मात करू पाहतो, हे अर्नेस्ट बेकर यांचे 'द डिनायल ऑफ डेथ' (१९७३) मधील प्रतिपादन येथे तंतोतंत लागू पडते. मात्र या कवितेत जावे की न जावे हा पेच शिल्लकच नाही. निर्णय कविता सुरू होण्यापूर्वीच झालेला आहे. भय उरले आहे ते आईच्या डोळ्यांत, आणि तिला बोलण्याची संधी मिळत नाही.

अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्र आंदोलनातील. दि. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन परिसरात गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत पुन्हा रक्त सांडले. हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. हे गाणे ऐकणाऱ्या श्रोत्यांना मरण दूरचे नव्हते. असे असूनही रचनेचा फार मोठा भाग व्यापला आहे तो पोटासाठी मुंबईत आलेल्या कामगाराच्या विरहाने. मैनेचा गव्हाळ वर्ण, निरोपाची घटका, दागिन्यांच्या वचनानेही न हसणारी आणि हात उंचावून उभी राहिलेली ती, या तपशिलांत शाहीर रमतो. छातीवर झेललेली गोळी येते ती उत्तरार्धात, तीही विरहाच्याच यमकात बांधलेली.

बेकर यांची मांडणी येथे अपुरी पडते. या कामगाराला अमरत्व नको आहे, त्याला गावी परतायचे आहे. त्याचे भय मरणाचे नसून भेट न होण्याचे आहे, आणि तेच भय त्याला मैदानात आणते. मैना व खंडित महाराष्ट्र यांची सांगड घालताना, बेळगाव-कारवारची नावे येतात तेथे, रचना काहीशी ताठर होते हे मान्य करावे लागेल. परंतु तोवर मैना इतकी सगुण झालेली असते की तिला निव्वळ रूपक म्हणून संपविता येत नाही. 'मृत्युंजय' हे विशेषण या छक्कडीला लावले की नेमकी हीच मैना वाचनातून बाहेर जाते.