छत्तिसावा उंट

मुलांना विनोदी कथांतून गणित शिकविण्याच्या प्रयत्नांत कथा बहुधा औषधावरील मुरंब्यासारखी ठरते. लुइस कॅरलने ‘अ टँगल्ड टेल’च्या (१८८५) प्रस्तावनेत ही उपमा स्वतःच योजिली, आणि तो मुरंबा फसवू शकत नाही हेही सूचित केले. ब्राझीलमधील गणितशिक्षक जूलिओ सेझार दि मेलो इ सौझा (१८९५–१९७४) याने ‘माल्बा ताहान’ या टोपणनावाने १९३८ साली लिहिलेली ‘हिशेब करणारा माणूस’ या अर्थाच्या नावाची पोर्तुगीज कादंबरी मात्र निराळी वाट धरते.

तीन भावांना ३५ उंट निम्मा, तिसरा व नववा हिस्सा याप्रमाणे वाटून घ्यावयाचे आहेत. बेरेमिझ त्यांत आपल्या सोबत्याचा उंट मिळवितो. ३६ पैकी १८, १२ व ४ उंट जातात. प्रत्येक भावाला हक्काहून अधिक मिळते, आणि तरीही दोन उंट उरतात: एक सोबत्याचा, दुसरा बेरेमिझचा मेहनताना!

हसू आणि शंका येथे एकाच क्षणी उमटतात. हिश्श्यांची बेरीज १७/१८ भरते. म्हणजे बापाने सगळे उंट वाटलेच नव्हते. विनोदाचे मर्म हाच अपूर्णांकांचा पाठ होय. गणित वगळल्यास कथाच उरत नाही.

तथापि बेरेमिझच्या चातुर्याची प्रशंसा जेथे लांबते, तेथे बालवाचक विचार करावयाचे सोडून केवळ थक्क होतो. अशा वेळी गणिताऐवजी गणितज्ञच मोठा होतो, आणि शिक्षकाचा हेतू कथाकाराच्या हातून निसटतो.