‘द लंचबॉक्स’: परतीच्या डब्याचा अर्थ
रितेश बत्रा दिग्दर्शित ‘द लंचबॉक्स’ (२०१३) या चित्रपटाची चर्चा बहुतांशी चुकलेल्या डब्याभोवती फिरते. प्रस्तुत लेखकाच्या मते कथेचे मर्म परतणाऱ्या डब्यात आहे. चाटूनपुसून रिकामा झालेला डबा पाहून इला सुखावते. पतीने तिने न केलेल्या फ्लॉवरच्या भाजीचा उल्लेख करताच चूक उमगते. पुढे साजनची चिठ्ठी जेवण खारट असल्याचे कळवते. विठ्ठलवाडीहून सकाळची लोकल गाठणारा डबा स्वतःच नेतो, पण संध्याकाळी घरी उघडलेला डबा असेच बोलतो. उरलेल्या पोळीवरून प्रकृती ओळखली जाते. व्यक्तिगत आहाराचे संच घरपोच देणाऱ्या कंपन्या वय, वजन, रक्तशर्करा नोंदवतात. ही पोळी त्यांना दिसत नाही. तथापि हे ज्ञान इलाच्या विनामोल श्रमावर उभे आहे, आणि चित्रपट त्या श्रमाच्या सुगंधात जरा अधिकच रमतो.