‘अस्तु’ : स्मृती, सती आणि करुणा

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) हा चित्रपट वार्धक्याचा प्रश्न अत्यंत संयमाने मांडतो. संस्कृतचे पंडित डॉ. चक्रपाणी शास्त्री (डॉ. मोहन आगाशे) स्मृतिभ्रंशाने ग्रासले आहेत. मुलगी इरा त्यांना मोटारीतून नेत असता ते रस्त्यावरील हत्तीमागे लहान मुलाप्रमाणे निघून जातात. इकडे शोध सुरू होतो. तिकडे माहुताची पत्नी चन्नम्मा त्यांचा सांभाळ करते.

स्मृती गेली, मनुष्य वर्तमानात आला, म्हणजे शास्त्रीबुवा मुक्तच झाले, असा अर्थ कोणी काढील. आम्हांस तो मान्य नाही. पालीतील ‘सती’ म्हणजे विस्मरण नव्हे. ती संपजञ्ञासहित जागरूकता होय. रोगाला साधनेचे नाव देणे हा रुग्णावर अन्याय आहे. नातीगोती पुसट झाल्यावरही मुखोद्गत श्लोक शास्त्रीबुवांच्या ओठी येतात. काव्याचा आधार एवढाच. पण तो खरा आहे.

इराच्या मनातील अपराधभावाला धम्माच्या परिभाषेत ‘कुक्कुच्च’ म्हणतात. पाच नीवरणांत त्याची गणना होते. कारण पश्चात्तापात गुरफटलेल्या मनाला समोरचे दुःख दिसत नाही. चन्नम्माला हा अडसर नाही. शास्त्रीबुवा तिला आई म्हणतात आणि ती आई होते. ज्या विद्येची दारे शतकानुशतके श्रमिकांना बंद होती, त्या विद्येच्या पंडिताला एक फिरस्ती कष्टकरी स्त्री पदरात घेते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सहाय्यक अभिनेत्रीचा, तर सुमित्रा भावे यांना संवादलेखनाचा पुरस्कार मिळाला, तो यथोचितच होय.

तथापि एक प्रश्न उरतो. चन्नम्मा म्हातारी होईल तेव्हा तिला कोण सांभाळील? चित्रपट येथे मौन पाळतो. आम्हां घोटीकरांना मात्र ते परवडणारे नाही. तरुण मुले कामासाठी नाशिक-मुंबईकडे जातात, वृद्ध आईबाप मागे राहतात. अशा घरांत ना मोटार असते, ना पगारी परिचारिका.

विनयातील महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. मलमूत्रात पडलेल्या त्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः स्नान घातले आणि भिक्खूंनी परस्परांची शुश्रूषा करावी, असे संघाला सांगितले. सेवा ही एका मुलीच्या अपराधभावावर वा एका चन्नम्माच्या मायेवर सोडण्याची गोष्ट नाही. ते संघाचे कर्तव्य आहे. विहारात नित्य येणारे कोणी वृद्ध उपासक वा उपासिका येईनासे झाले, तर त्यांच्या दारी जाणे, हा या चित्रपटाचा आम्ही घेतलेला बोध होय.