ओवींतील झांकलेलें दुःख

दुःखाची कविता म्हटली कीं आमच्या सुशिक्षित वर्गाला विलापिका आठवते. टेनिसनचा मित्र हॅलम 1833 सालीं वारला. त्या शोकांतून वाढत गेलेलें काव्य 1850 सालीं प्रसिद्ध झालें. तेथें कवि आपलें दुःख आपल्या नांवानें सांगतो आणि जग तें आदरानें ऐकतें. परंतु ज्या दुःखाला तोंड उघडण्याची मुभाच नाहीं, त्यानें कोणती वाट धरावी? आमच्या मतें, जात्यावरच्या ओवीनें ती वाट शोधली आहे.

महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात, अशी नोंद सोमेश्वराच्या बाराव्या शतकांतील ‘अभिलषितार्थचिंतामणि’ या ग्रंथांत आहे. आमच्या बीड जिल्ह्यांत, अंबाजोगाईस, ज्यांची समाधि आहे त्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ही ओवीबद्धच. ग्रंथांतील आणि जात्यावरील ओवी हुबेहूब एक नव्हे. तरी कुळी एकच.

पहांटेचा प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. सासू पलीकडे निजलेली, दीर ओसरीवर. सुनेला गाण्याची मोकळीक आहे, तक्रारीची नाहीं. म्हणून ती माहेरची वाट गाते, भावाची गाडी गाते. रसिक या बंधुप्रेमाची वाखाणणी करतात. पण भावाला इतक्या वेळां हांक कां मारावी लागते, हें कोणी विचारीत नाहीं. या घरांत हांक मारावी असें माणूसच तिला नाहीं. समोर खुंट्याला हात लावून बसलेल्या जावेला हें कळतें. निजलेल्यांना कळत नाहीं.

कोणी म्हणेल, तोच भाऊ, तीच गाडी, सगळें ठरीव. यांत हिचें स्वतःचें दुःख तें कोठें? आम्हांस वाटतें, तो ठरीवपणा हाच तिचा आडोसा आहे. सगळ्याच बायका असें गातात, म्हणून एकीला कोणी जाब विचारूं शकत नाहीं.

हें आम्हांला पुस्तकांतून समजलें नाहीं. आमच्या मातोश्री दळीत, तेव्हां आम्ही त्यांच्या मांडीवर डोकें ठेवून निजत असूं. त्यांच्या ओव्यांत भाऊ रोज गाडी जुंपून येई. पुढें कॉलेजांत आम्हीं वर्षानुवर्षें विलापिका शिकविल्या. मातोश्री गेल्यावर एके दिवशीं अकस्मात् ध्यानीं आलें कीं, त्यांना भाऊ नव्हताच. आम्हांला मामा नाहीं, हें ठाऊक असूनही त्या ओव्या आम्हीं कधीं ऐकल्याच नव्हत्या.

पुढें गांवोगांव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातीं कोपऱ्यांत गेलीं. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या खटपटीनें लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. 1996 सालीं आमच्या माजलगांवींही ध्वनिमुद्रण झालें. हें काम मोलाचें खरें. परंतु संग्रहांतील भावाच्या ओव्या वाचतांना, गाणारीला तो भाऊ होता कीं नाहीं, हा प्रश्न वाचकानें मनाशीं धरावा. आज जिल्ह्यांतील हजारों स्त्रिया दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला घर सोडतात. त्यांची पहांट फडांत उगवते. हातांत कोयता असतो, समोर जातें नसतें. त्यांचें दुःख कोणत्या आडोशाला बसून बोलत असेल, हें ऐकण्याइतका कान तरी आम्हीं आतां तयार ठेवावयास हवा.